दामोदर हॉल : गिरणगावाचे सभागृह आणि जतनाचा प्रश्न

नवी मुंबईत जुने सभागृह शोधायला निघालेल्या माणसाच्या पदरी निराशाच येणार. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. म्हणजे शहराचेच वय अर्धशतकाच्या थोडे पुढे. सेक्टरासेक्टरांतून समाजमंदिरे आहेत, वाशीला मराठी नाटकाच्या आद्य प्रवर्तकाचे नाव धारण करणारे विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, साहित्य मंदिर आहे. या वास्तूंनी आपापले काम चोख केले आहे. पण आजोबांनी जेथे भाषण ऐकले, वडिलांनी जेथे नाटकात काम केले आणि नातवाने जेथे बक्षीस घेतले, अशी तीन पिढ्यांची साखळी तेथे अजून पुरती जुळायची आहे.

मात्र शहराचे वय आणि त्यात राहणाऱ्या माणसांच्या आठवणींचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबे जी पांगली, ती ठाणे, कल्याण, विरार आणि खाडीपलीकडच्या या नव्या शहरातही आली. पुढे २०१६ साली पनवेलजवळच्या कोन येथील सुमारे २,४०० घरांची सोडत गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी काढण्यात आली. या माणसांना 'तुमचे जुने सभागृह कोणते?' असे विचारले, तर उत्तर खाडी ओलांडून परळला नेते. तेथला दामोदर हॉल हे त्यांचे सभागृह. १९२२ साली उभा राहिलेला हा हॉल १ नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी बंद करण्यात आला. त्यावरून बराच वाद झाला. त्या वादात एक प्रश्न मात्र नीटसा विचारला गेला नाही, असे मला वाटते. सभागृह जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा हॉलच्या इतिहासातून घेण्याचा प्रयत्न आहे.

इतिहासाचा प्रारंभ सोशल सर्व्हिस लीगपासून करावा लागतो. ही संस्था नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत स्थापन केली. जोशी मूळचे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे. काही वर्षे शिक्षकी करून ते १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले होते. लीगने रात्रशाळा काढल्या, फिरती ग्रंथालये चालवली, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या उभारल्या. सुशिक्षितांनी कामगारवस्तीत जाऊन काम करावे, ही कल्पना त्या काळी इतरत्रही रुजत होती. लंडनच्या ईस्ट एन्डमधील टॉयन्बी हॉल १८८४ सालचा. विद्यापीठातील तरुणांनी गरीब वस्तीत येऊन राहावे, शिकवावे आणि शिकावे हा त्यामागचा हेतू. परळचा प्रयोग या कुळातला म्हणता येईल. फरक एवढाच, की जोशी केवळ समाजसेवेपाशी थांबले नाहीत. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते आणि १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. लोअर परळच्या डिलाइल रोडला आज त्यांचेच नाव आहे.

हॉलला ज्यांचे नाव मिळाले ते दामोदर ठाकरसी मूळजी हे गिरणीमालक घराण्यातले. त्यांचे पुत्र सर विठ्ठलदास यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली १५ लाखांची देणगी दिली आणि आईचे, नाथीबाईंचे, नाव त्या विद्यापीठाला लागले. आईचे नाव स्त्रीशिक्षणाच्या संस्थेला आणि वडिलांचे नाव कामगारांच्या सभागृहाला, असा हा योग. गिरणीच्या नफ्यातून गिरणी कामगारांसाठी हॉल उभा राहिला, यात विसंगती पाहणारे पाहतील आणि ती खरीही आहे. व्यसनमुक्तीची व्याख्याने, आरोग्याचे धडे, सदाचाराचे उपदेश हा अशा संस्थांचा नित्याचा कार्यक्रम असे. मालकाला शांत, निरोगी आणि वेळेवर येणारा कामगार हवा होता हे उघड आहे. पण देणाऱ्याने एखादी वास्तू कशासाठी दिली आणि घेणाऱ्यांनी ती कशासाठी वापरली, या दोहोंत जे अंतर पडते तेथेच सामाजिक इतिहास घडतो. दामोदर हॉलच्या बाबतीत हे अंतर फार लवकर दिसू लागले.

ते समजण्यासाठी त्या काळच्या परळची कल्पना करावी लागते. चाळीतली एकच खोली, तीत एकाच गावचे अनेक पुरुष, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. जेवण खानावळीत. नोकरी लावणारा आणि काढणारा जॉबर. पुष्कळदा राहण्याची, उधारीचीही सोय त्याच्याच हाती. गाणे, भजन, नमन, दशावतार ही कोकणातून बरोबर आलेली शिदोरी; पण ती उघडायला जागा कोठे? चाळीचे अंगण होते, तालीम होती, गणपतीचा मांडव होता. या सर्व जागा कोणाच्या तरी होत्या: कुठे गावकीच्या, कुठे जातीच्या, कुठे जॉबरच्या. भाडे भरले की कोणत्याही मंडळाला काही तास आपली म्हणता येईल, डोक्यावर छप्पर असेल आणि पुढे रंगमंच असेल, अशी जागा गिरणगावात दुर्मीळ होती. दामोदर हॉलचे मोल या साध्या गोष्टीत होते.

आता १९२४ सालाकडे येऊ. त्या वर्षी जानेवारीपासून मार्चपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत बोनससाठी मोठा संप चालू होता. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. संप सुरू असतानाच, ९ मार्च १९२४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दामोदर हॉलमध्ये एक सभा बोलावली. अस्पृश्य समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मध्यवर्ती संस्था असावी की काय, याचा विचार करण्यासाठी ती सभा होती. तिची परिणती २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेत झाली. बाबासाहेब त्या काळी परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते आणि सभेचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते.

हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. बाहेर संप, म्हणजे कामगारांच्या एकजुटीचा उच्चार. आणि त्याच गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे आणि तेथे विटाळ आड येई. वर्गाची एकजूट ज्या प्रश्नाला बगल देत होती, तो प्रश्न घेऊन काही माणसे या हॉलमध्ये बसली होती. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग यांचा समावेश होता. ज्या समाजाला देऊळ, पाणवठा, शाळा, खानावळ यांपैकी काहीच निर्वेधपणे खुले नव्हते, त्याच्या चळवळीने आपल्या उद्दिष्टांत सामाजिक केंद्र लिहावे, यावरून एका सार्वजनिक छपराचे महत्त्व कळते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्याआधी तीन वर्षे परळच्या या हॉलमध्ये एकत्र बसून विचार करण्याची जागा मिळाली होती, हे महाडविषयी लिहिताना आपण सहसा विसरतो.

हॉलचे दुसरे आयुष्य नाटकाचे. गिरणीतला माणूस पाळी संपवून यायचा, तालीम करायचा आणि वर्षातून एक-दोनदा येथे रंगमंचावर उभा राहायचा. मंडळे चाळींची होती, गावांची होती, खात्यांची होती. कोकणातले नमन आणि दशावतार, शक्ती-तुऱ्याचे सामने, संगीत नाटकांचे हौशी प्रयोग, पुढे लोकनाट्ये असा सगळा पसारा या रंगमंचाने पाहिला. सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्थेचे नाव या वास्तूपासून वेगळे काढता येत नाही. १९५३ च्या कायद्यानंतर कामगार कल्याणाची सरकारी व्यवस्था उभी राहिली, कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि या परंपरेला राजमान्यताही मिळाली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक अडचण जाणवेल. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण संहितांच्या आणि नाटक कंपन्यांच्या आधारे लिहिला. १८४३ साली सांगली, १८८० साली किर्लोस्कर, मग देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी, पुढे नाट्यनिकेतन, रंगायन. या क्रमात कामगार रंगभूमीला एखादा परिच्छेद मिळतो. याला लेखकांचा आकस कारणीभूत आहे असे म्हणता येणार नाही. कारण साधनांचे आहे. हौशी मंडळांनी केलेली पुष्कळशी नाटके दुसऱ्यांची होती; जी स्वतःची होती ती वहीत लिहिली गेली आणि वही नटाबरोबर गावी गेली. परीक्षणे छापून आली नाहीत. छायाचित्र काढण्याइतके पैसे मंडळाकडे असतीलच असे नाही. अशा रंगभूमीचा पुरावा तीनच ठिकाणी उरतो: माणसांच्या आठवणीत, जुन्या हस्तपत्रिकांत आणि हॉलच्या आरक्षणाच्या नोंदवहीत. कोणत्या तारखेला कोणत्या मंडळाने काय केले, हे सांगणारी ती वही म्हणजे त्या रंगभूमीची अनुक्रमणिकाच होय.

गिरणगावाच्या तोंडी इतिहासाचे महत्त्वाचे काम मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी केले. त्यांचा ग्रंथ २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि शंभर वर्षांचा काळ कामगारांच्याच आवाजांतून मांडला गेला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या एका कुटुंबाची पडझड रंगभूमीवर आणली. पण 'अधांतर' आपल्याला मिळाले, कारण त्याला लेखक, निर्माता, प्रकाशक मिळाले. ज्या शेकडो प्रयोगांना यांतले काहीच मिळाले नाही, त्यांच्यासाठी सभागृहाची वास्तू आणि तिचे दप्तर हाच आधार.

संपानंतरची कहाणी परिचित आहे. १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आले. गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला आणि एक हिस्सा मालकाला, असा त्याचा ढोबळ हिशेब होता. १९९६ साली चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखाली गिरण्यांच्या जमिनींविषयी अभ्यासगट नेमला गेला. हे तेच कोरिआ, ज्यांनी प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर १९६५ साली खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती आणि जे पुढे सिडकोचे मुख्य वास्तुविशारद झाले. नव्या शहराचा आराखडा आणि जुन्या गिरणगावाचे भवितव्य असे एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले. २००१ साली कलम ५८ मध्ये बदल झाला आणि वाटणीसाठी केवळ मुळात मोकळी असलेली जमीनच धरली जाऊ लागली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य मानला. सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन अर्थातच पुष्कळ घटली.

या सगळ्या हिशेबात मैदान मोजले गेले, घर मोजले गेले, चटईक्षेत्र मोजले गेले. सभागृह मात्र कोणत्याच रकान्यात बसले नाही. दामोदर हॉल गिरणीच्या जमिनीवर नव्हता, तो एका सामाजिक संस्थेच्या मालकीचा होता. त्यामुळे तो या वादाबाहेर सुरक्षित राहील असे वाटत होते. पण आजूबाजूची वस्ती बदलली. चाळींच्या जागी मनोरे आले. कामगार लांब राहायला गेले आणि प्रयोगाला येणाऱ्याला लोकलचा प्रवास करावा लागू लागला. तरीही २०२३ पर्यंत कोकणी लोककलांचे प्रयोग येथे होत होते आणि नमन-दशावताराला प्रेक्षकही येत होते.

संस्थेची बाजू समजून घेतली पाहिजे. शंभर वर्षांची वास्तू राखणे खर्चाचे असते, संस्थेला शिक्षणाचे काम वाढवायचे आहे आणि नव्या संकुलात नाट्यगृह देण्याची तिची तयारी आहे. नाट्यकर्मींचे म्हणणे असे, की नवे नाट्यगृह जुन्याहून लहान नसावे आणि ते आधी उभे राहावे. दोन्ही बाजू भिंतींविषयी, आसनसंख्येविषयी आणि क्रमाविषयी बोलल्या. हे मुद्दे गौण नाहीत. पण समजा उद्या आसनसंख्या तंतोतंत राखली, वातानुकूलन आले, ध्वनियोजना उत्तम झाली आणि भाडे असे ठरले की चाळीच्या किंवा गावच्या मंडळाला ते परवडूच नये. तर दामोदर हॉल राखला असे म्हणता येईल काय?

युरोपातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ब्रुसेल्समध्ये बेल्जियन कामगार पक्षासाठी व्हिक्टर होर्ता या थोर वास्तुविशारदाने 'मेझाँ द्यु पप्ल', म्हणजे लोकांचे घर, बांधले. ते १८९९ साली पूर्ण झाले. लोखंड आणि काचेची ती वास्तू आधुनिक स्थापत्यातली एक महत्त्वाची कृती गणली जाते. १९६५ साली ती पाडण्यात आली. जगभरच्या वास्तुविशारदांनी निषेध केला, तेव्हा काही भाग सुटे करून जपून ठेवण्यात आले. ते पुढे विखुरले; त्यांतले काही लोखंडी तुकडे आज एका उपाहारगृहात आणि एका भुयारी रेल्वे स्थानकात पाहायला मिळतात. लोखंड वाचले, कामगारांचे घर गेले. आणि शोक झाला तो मुख्यतः होर्ताच्या कलाकृतीचा.

आपल्याकडे उलट प्रकारचा प्रसंग कोल्हापुरात घडला. शाहू महाराजांनी उभारलेले १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. सबंध महाराष्ट्र हळहळला आणि ते होते तसे पुन्हा उभारण्याचे सरकारने जाहीर केले. हे योग्यच झाले. पण राजाने बांधलेल्या आणि एका महान गायक नटाचे नाव असलेल्या वास्तूचे मोल आपल्याला चटकन उमगते. अनेक अनाम हौशी नटांच्या वास्तूचे उमगायला वेळ लागतो.

आपल्या कायद्याची दृष्टीही याच वळणाची आहे. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. तिच्यात वास्तूंच्या श्रेणी आहेत आणि श्रेणीनुसार बदलांवर बंधने आहेत. ही नियमावली दर्शनी भाग राखू शकते; वापर राखण्याचे साधन तिच्यापाशी फारसे नाही. दुसरीकडे, अमूर्त सांस्कृतिक वारशाचा युनेस्कोचा करार २००३ चा आणि भारताने तो २००५ साली स्वीकारला. त्यात प्रयोगकला आहेत, परंपरा आहेत. दगडाची यादी वेगळी आणि दशावताराची यादी वेगळी. दशावतार ज्या दगडांत होतो, ती जागा दोन्ही याद्यांच्या मध्ये पडते.

म्हणून माझे प्रतिपादन असे, की सभागृहाचे जतन म्हणजे त्याच्या वापराच्या अटींचे जतन. कोणाला आत येता येते, किती भाड्यात, कोणत्या वारी, कोणत्या विषयावर बोलता येते, या त्या अटी. १९२४ सालची सभा भिंतींच्या जाडीमुळे झाली नाही. ती होऊ दिली गेली म्हणून झाली. नवी वास्तू उभारताना हौशी आणि लोककलांच्या मंडळांसाठी वर्षातील ठराविक तारखा राखून ठेवणे, त्यांच्यासाठी वेगळा दर ठेवणे, तालमीची खोली देणे आणि हे सर्व लेखी करारात नमूद करणे शक्य आहे. याला चटईक्षेत्राची गरज कमी आणि इच्छेची अधिक लागते.

दुसरे काम आपले, म्हणजे शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे. वास्तू पाडायला महिने लागतात. तिचे दप्तर रद्दीत जायला एक दुपार पुरते. संस्थेचे वार्षिक अहवाल, आरक्षणाच्या वह्या, हस्तपत्रिका, मंडळांच्या घटना, नाटकांच्या हस्तलिखित वह्या यांची सूची करणे हे एखाद्या मराठी विभागाला सहज पेलण्याजोगे काम आहे. त्यासाठी परळलाच जायला हवे असेही नाही. ही कागदपत्रे पुष्कळदा घरांतून असतात आणि ती घरे आता घणसोलीला, नेरूळला, पनवेलला आहेत. आपल्याच वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी दामोदरच्या रंगमंचावर काम केलेले असण्याची शक्यता, नवी मुंबईतल्या कोणत्याही महाविद्यालयात, बरीच आहे. त्याला घरी विचारून यायला सांगावे.

आणि कोनच्या वसाहतीचे काय? घरांची सोडत निघाली, चाव्यांवर चर्चा झाली, देखभाल खर्चावर झाली. तेथे राहणाऱ्या माणसांनी नमनाची तालीम कोठे करायची, सभा कोठे घ्यायची, हा प्रश्न त्या चर्चेत ऐकू आला नाही. १९२२ साली परळच्या एकखोली बिऱ्हाडांना जी गरज होती, ती शंभर वर्षांनी लिफ्ट असलेल्या इमारतीतही तशीच आहे. त्या वेळी एका शिक्षकाने सुरू केलेल्या संस्थेला आणि एका गिरणीमालकाच्या घराण्याला ती कळली होती. आपल्या नव्या शहरांच्या आराखड्यांत समाजमंदिराचा भूखंड असतो. त्याचे पुढे काय होते, त्याचे दार कोणासाठी आणि कितीला उघडते, हे पाहण्याचे काम बाकी आहे. दामोदर हॉलच्या इतिहासाने निदान तेवढे तरी शिकवावे.